एककानी हेडफोनचं गूढ

माझ्याबद्दल मीच काही सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. मी चंद्रप्रकाश घाडी, अंधेरी पश्चिमेचा एकमेव खाजगी गुप्तहेर. पूर्वेलाही एक आहे असं ऐकतो, पण तो पुलापलीकडचा प्रश्न झाला. एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात मी एकतीस वर्षं काढली. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं आणि जाताना काय घेऊन गेलं, हे मला नुसत्या चपलांवरून कळतं. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर गायब झाली, तेव्हा मी चार दिवस तिच्या मागावर होतो. पाचव्या दिवशी ती दुरुस्त होऊन परत आली. घाबरली असणार.

माझ्या सहाय्यकपदी माझी पत्नी सुगंधा आहे. ही नेमणूक तिला अजून मान्य नाही.

तर त्या गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरचा सर्वेश चेहरा पाडून आमच्याकडे आला. वय वर्षं एकवीस, गळ्यात हेडफोन, डोळ्यांवर चष्मा, डोळ्यांखाली काळं. मी क्षणात ओळखलं.

"प्रेमभंग," मी म्हणालो.

"नाही काका. गेमिंग."

चार बंगल्याच्या मार्केटला लागून परेशचं गेमिंग पार्लर आहे. तळघरातला गाळा, त्यात कॉम्प्युटर मांडलेले. चार-चार जणांचे दोन संघ एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि पडद्यावरच्या एका पडक्या कारखान्यात लपूनछपून एकमेकांना गोळ्या घालतात. सर्वेश एका संघाचा कप्तान. समोरच्या संघात वेसाव्याची नेत्रा. ती सकाळी मार्केटात आत्या पुतळाबाईच्या हाताखाली मासळी विकते आणि दुपारी इथे येऊन सर्वेशला मारते.

"पाच मॅच हरलो काका. आम्ही कुठे लपलोय ते तिला आधीच माहीत असतं. वाट लागली आमची. मी सरळ बोललो सगळ्यांसमोर, ही चोर आहे म्हणून."

"हळू बोललास की मोठ्याने?"

"मोठ्याने. वर मार्केटपर्यंत गेलं ते."

ते जायचंच. पाठोपाठ परेशने निकाल दिला होता, की रविवारी पाचपर्यंत नेत्राला सगळं कसं कळतं याचा उलगडा झाला नाही, तर पार्लरच्या स्पर्धेच्या फायनलमधून तिचं नाव कापणार. म्हणजे पोरीच्या कपाळावर चोरीचा शिक्का कायमचा. आणि तो उलगडा सर्वेशने माझ्यावर सोपवला होता.

"तिचा हेडफोन कुठला?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. चुलतभावाच्या कॉल सेंटरमधला जुना. एकाच कानाचा."

मी डोळे मिटले. एका कानाचा हेडफोन. मग दुसरा कान कुठे होता?

"कित्याक ह्या नसत्या उठाठेवी?" आतून सुगंधा म्हणाली. "पोरगी चांगली खेळत असेल."

नवशिके सहाय्यक नेहमी असाच सोपा निष्कर्ष काढतात. मी तिला माफ केलं.

शुक्रवारी मी सर्वेशला घेऊन हेडफोनच्या दुकानात गेलो. गुन्हेगाराला पकडायचं तर आधी हत्यार ओळखावं लागतं. सर्वेशने महिन्याभरात तीनदा हेडफोन बदलले होते आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वाईट हरला होता. मी वहीत आलेख काढला. हेडफोन जसजसा मोठा, तसतसा पराभव मोठा. यातून निष्कर्ष एकच निघत होता: अजून पुरेसा मोठा हेडफोन मिळालेला नाही.

"हा बघा सर, सात पॉइंट एक सराउंड," दुकानदार म्हणाला. "सात बाजूंनी आवाज येतो."

"कान दोनच असताना?"

"सर, कान तुमचे. बाजू आमच्या."

मी ते वहीत टिपून घेतलं. मग त्याने एक जाळीवाला दाखवला. त्यातून म्हणे बाहेरचाही आवाज आत येतो. सर्वेशने तो हातातसुद्धा धरला नाही. शेवटी दुकानदाराने काढला तो उशीएवढ्या गाद्यांचा, बाहेरचा सगळा आवाज मारणारा. "हा घातल्यावर शेजारी लग्नाची वरात गेली तरी कळणार नाही," दुकानदार म्हणाला. सर्वेशने अख्ख्या संघासाठी घेतले. एक जोड मला, वेषांतरासाठी.

शनिवारी दुपारी मी तो डोक्यावर चढवून पार्लरच्या कोपऱ्यात बसलो आणि पत्त्यांचा खेळ उघडला. माझ्या वहीतली नोंद जशीच्या तशी देतो:

"तीन वाजता सामना सुरू. तळघरात विलक्षण शांतता. खेळाडूंची शिस्त वाखाणण्यासारखी. सर्वेशचा संघ मधूनमधून तोंडं मोठी उघडतो आहे, बहुधा जबड्याचा व्यायाम. त्याच्या गळ्याची शीर फुगलेली. नेत्रा मात्र स्वस्थ. डाव्या कानावर हेडफोन, उजवा कान मोकळा. ती हसली. तीन वाजून सहा मिनिटांनी सर्वेश मेला. पार्लरचा मालक परेश काचेच्या केबिनमध्ये दार लावून, हेडफोन घालून क्रिकेट पाहतो आहे. त्याच्यावर संशय नको."

सामना संपल्यावर मी नेत्राला बाहेर जिन्यावर गाठलं. वेषांतर उतरवलं आणि एकदम विचारलं, "सर्वेश कुठे लपलाय ते तुला कसं कळतं?"

"ऐकू येतं."

"कशाने?"

"कानाने."

मुरलेली होती. मी प्रश्नाची धार वाढवली. "कुठल्या?"

"ह्या," तिने उजवा कान दाखवला, मोकळा. "काका, त्यांना पण ऐकू येत असेलच ना माझं?"

मोकळ्या कानाने ऐकते म्हणजे कानाच्या आत काहीतरी बसवलेलं असणार, डोळ्यांना न दिसणारं. माझा पहिला सिद्धांत तयार झाला. मी तिच्या कानात टॉर्च मारला. आत कान होता.

मग नजर गेली तिच्या डब्याकडे. चौकोनी, स्टीलचा, दोन क्लिपांचा. आवाज वाढवणारं यंत्र नेमकं एवढंच असतं, हे मी कालच दुकानात पाहिलं होतं. ती हात धुवायला गेल्यावर मी डबा उघडला. वरवर पाहता तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. वास इतका खरा, की कुणीही फसावं. मी खात्री करण्यासाठी अर्धी भाकरी तपासली. मग उरलेली अर्धीही तपासली. यंत्र सापडलं नाही, पण तिखट उत्तम होतं.

ती परत आली तेव्हा डबा रिकामा होता आणि माझ्या मिशीला जवळा होता. ती रागावली नाही. नुसती पायरीवर बसली.

"तुम्ही पण मला चोरच समजता ना काका?" ती म्हणाली. "आत्या सकाळपासून बोलली नाही माझ्याशी. चाळीस वर्षं पाटीवर बसते, तिच्या मापाला कुणी बोट लावलं नाही. आता गिऱ्हाईक विचारतात, भाची काय चोरते म्हणून."

मला लाज वाटली. दुसऱ्याचा डबा खाऊन त्यालाच चोर म्हणायचं, हे माझ्यासारख्याला शोभणारं नव्हतं. पण गुप्तहेराने भावनेला वाव देऊन चालत नाही, म्हणून मी तिसरा सिद्धांत मांडायला घेतला.

फितुरी. सर्वेशच्या संघातला सौरभ दर दोन मिनिटांनी नाक चोळत होता. डावीकडून चोळलं की शत्रू डावीकडे. मी रात्रभर त्याच्या नाकाची सांकेतिक लिपी सोडवली आणि तिच्यातून "अॅलर्जी" असा शब्द निघाला. तरी मी मागे हटलो नाही.

रविवारी साडेचारला मी सगळ्यांना तळघरात जमवलं. परेश केबिनमधून बाहेर आला. सुगंधा आली होती, कारण परतीच्या वाटेवर तिला कोथिंबीर घ्यायची होती. मी हेडफोन घातलेलाच होता. वेषांतर शेवटपर्यंत टिकवायचं असतं.

"मंडळी," मी म्हणालो, "तुमच्यात एक फितूर आहे. सिद्ध करण्यासाठी एक डाव खेळा. मी सौरभच्या नाकावर लक्ष ठेवतो."

डाव सुरू झाला. तळघरात पुन्हा ती पवित्र शांतता. मी सौरभच्या नाकापासून एक वीत अंतरावर उभा. तेवढ्यात दारात पुतळाबाई दिसली. आपली पाटी आवरून आलेली, डोक्यावर टोपली, चेहऱ्यावर भरतीचं पाणी. तिचे ओठ हलले. परेश वळला. सुगंधा तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. पुढे काय बोलणं झालं ते मला सुगंधाने नंतर सांगितलं.

पुतळाबाई म्हणाली होती, "तो चष्मेवाला जिन्याखाली बसलाय."

परेश चमकला. पडद्यावर सर्वेश खरंच जिन्याखाली बसला होता. "मावशी, तुम्हाला हा गेम येतो?"

"मना नाय येत. तोच वरडून सांगतोय ना. आता बोलतो, सौरभ, तू टाकीमागून ये. तो बघ, आला टाकीमागून. मेला."

त्याच वेळी सुगंधाने माझ्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी उचलला.

आयुष्यात मी असा कालवा ऐकला नव्हता. "जिन्याखाली आहे मी, जिन्याखाली," सर्वेश नरडं फाडून सांगत होता. "गोळ्या संपल्या माझ्या, कुणाला कळू देऊ नका," दुसरा बोंबलत होता. कानावर उशा बांधल्यामुळे आपण किती जोरात बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं, आणि नेत्राची खुर्ची सर्वेशच्या पाठीपासून दोन हातांवर होती. जितका महाग हेडफोन, तितका मोठा गळा. नेत्राच्या संघातल्या बाकीच्यांचेही दोन्ही कान बंद होते. उघडा कान अख्ख्या तळघरात एकच होता.

"घाडीसाहेब," परेश हळूच म्हणाला, "काल दुपारभर तुम्ही इथेच होतात ना?"

मी वही मिटली.

"आमच्यात असंच ऐकतात," नेत्रा उठून म्हणाली. "एका कानाने गिऱ्हाईक, दुसऱ्याने शेजारीण काय भाव सांगते ते. मला वाटलं सगळेच ऐकतात."

सर्वेशला चष्मा पुसावासा वाटला. "पण हे चीटिंगच झालं ना? आमचं बोलणं ऐकायचं?"

पुतळाबाईने टोपली खाली ठेवली. "मी बाजारात पापलेटचा भाव वरडून सांगितला नि शेजारणीनं आयकला, तर ती चोर का रं? वरडनारी मी."

परेशने आपला निकाल मागे घेतला. माझ्याकडे तर मागे घ्यायला सिद्धांतही उरला नव्हता. नेत्राचं नाव कायम राहिलं. फायनल लगेच लागली.

सर्वेशच्या संघाने शपथ घेतली, की आज फक्त कुजबुजायचं. हेडफोन मात्र तेच ठेवले, नवे होते. माइकने ती कुजबुज उचललीच नाही. कोण कुठे आहे ते एकाचं दुसऱ्याला कळेना. तिघे एकाच दारातून आत घुसताना अडकले आणि सौरभने शिंकेच्या भरात आपल्याच कप्तानाला गोळी घातली. नऊ मिनिटांत सगळं आटोपलं.

हरल्यावर सर्वेशने हेडफोन काढून ठेवला आणि तो मधली जागा ओलांडून नेत्रासमोर येऊन उभा राहिला. मान खाली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. मी अगदी शेजारी, मोकळ्या कानांनी उभा होतो, तरी मला ते कळलं नाही.

नेत्राला नक्की कळलं होतं. पण तिने एककानी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

"सॉरी बोललो ना यार."

"चोर बोललास तेव्हा वरपर्यंत गेलं होतं."

सर्वेशने माझ्याकडे पाहिलं. मी सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने जिन्याकडे पाहिलं, आणि जाऊन तळघराचं दार सताड उघडून धरलं. वर मार्केटात संध्याकाळची गर्दी होती. सर्वेशने मोठा श्वास घेतला.

"नेत्रा चोर नाही," तो ओरडला. "मी हरलो, म्हणून बोललो."

वर क्षणभर कुणी भाव सांगेना. मग कुणीतरी हसलं आणि एका कोळणीने मोठ्याने विचारलं, "पुतळे, भाची जिंकली काय गं?"

पुतळाबाईने टोपली डोक्यावर घेतली, नेत्राचा हात धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता सर्वेशला म्हणाली, "हां. आता गेलं वर."