दामिनीची सायकल

लातूरला एक सायकल पोचवायची, एवढंच काम होतं.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर. आमची दामिनी अकरावीला, डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लाससाठी ठेवलेली. रविवारी बूथवरून तिचा फोन आला. "अप्पा, मला घरी यायचंय." मी म्हणालो, "दिवाळीला ये. आता अभ्यास कर." मग ती म्हणाली, "सायकल तरी पाठवा. खोलीपासून क्लास लांब आहे."

मला बरं वाटलं. सायकल मागते म्हणजे पोरगी रुळली. (मी तेवीस वर्षं आवक-जावक सांभाळणारा क्लार्क. लिहिलंय तेवढंच वाचतो.) माझी बायको शांतम्मा मात्र पोळी लाटता लाटता म्हणाली, "आवाज बसला होता तिचा. मीबी येते."

सोमवारी सकाळी आम्ही नांदेडच्या स्टँडवर. मी माझ्या काळ्या सायकलवर, ती दामिनीच्या गुलाबी सायकलवर. कंडक्टर म्हणाला, "टपावर जागा नाही."

"मग पुढच्या गाडीला टाकतो."

"तिला टपावर कॅरियरच नाही."

मागचे लोक हसले. राग आला की माझं तोंड माझ्या आधी बोलतं. "न्हाई तर ऱ्हाऊ द्या! चालवत नेतो लातूरला!"

असली वाक्यं हवेत विरून जायची असतात. पण शांतम्मानं पदर कमरेला खोचला. "चला मग."

"अगं, सव्वाशे-दीडशे किलोमीटर हाय!"

"तुमीच म्हणाले ना? एवढ्या लोकांपुढं?"

वाटलं, गोदावरीच्या पुलापर्यंत थकेल आणि परत फिरू. पूल ओलांडला तेव्हा ती पन्नास पावलं पुढं होती. लोह्यापर्यंत दिसेनाशी झाली. लग्नाआधी, किल्लारीजवळच्या माहेरी, तिच्या धाकट्या भावानं, शिवकुमारनं, तिला सायकल शिकवली होती. ती शेतापर्यंत चालवायची. हे तिनं मला सांगितलेलं होतं. (बायकोनं सांगितलेलं लक्षात ठेवायचं असतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.)

लोह्याच्या पुढं उतारावर मधोमध म्हैस. मी घंटी वाजवली. म्हशीनं माझ्याकडं बघितलं, मी ब्रेककडं बघितलं, ब्रेकनं कुणाकडंच बघितलं नाही. पुढच्या चाकाची जिलेबी झाली आणि माझं कोपर सोलवटून निघालं. म्हैस होती तिथंच होती.

मी येईना म्हणून शांतम्मा मागं फिरली. सायकली ढकलत आम्ही माळाकोळीला पोचलो. तिथं निजामोद्दीन नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं चाक डोळ्यांसमोर धरलं. "साब, ब्रेक कब लगाए थे?"

"आत्ताच की, म्हैस दिसल्यावर."

"वो नै. नए कब लगाए थे?"

चाक सरळ व्हायला दोन तास लागणार होते. आम्ही लिंबाखाली बसलो. माझी कुरकुर सुरू झाली. "रजेचा अर्जबी टाकला न्हाई. पोरीला साधी सायकल पाहिजे, त्यासाठी..."

"तिला सायकल नको हाय," शांतम्मा म्हणाली. "तिला घरी यायचं हाय. पहिलं तेच म्हणली ती."

"कंटाळा येतोच अभ्यासाचा. मी सांगितलंय तिला..."

"शिवालाबी तुमी असंच लिव्हलं होतं."

त्र्याण्णवच्या गणपतीच्या आधी शिवकुमारचं पत्र आलं होतं. दाजी, आठ दिवस नांदेडला येऊ का? त्याचं बारावीचं वर्ष. मी कार्ड लिहिलं : अभ्यास कर, दिवाळीला ये. विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. ज्या दगडमातीच्या भिंतीशी तो पुस्तकं उशाला घेऊन झोपायचा, ती त्याच्यावरच आली.

दहा वर्षांत शांतम्मानं हा विषय काढला नव्हता. मी समजत होतो, त्या कार्डाचं तिला माहीतच नाही.

"तुला कसं कळलं?"

"तुमीच दिलं होतं ना पेटीत टाकायला." ती रस्त्याकडं बघत होती. "मीच टाकलं. वाचून टाकलं. मलाबी तवा बरोबरच वाटलं होतं."

निजामोद्दीननं हातोडी खाली ठेवली. आत जाऊन दोघांना पाणी आणून दिलं.

चाक सरळ झाल्यावर निघालो. पहिला मुक्काम अहमदपूरला चुलतभावाकडं केला, दुसरा चाकूरच्या मठात. तिथं एकानं विचारलं, "कशाची यात्रा हाय, काका?" शांतम्मा म्हणाली, "लेकीला भेटायची."

बुधवारी दुपारी लातूर. क्लासच्या दारातले सर म्हणाले, "पालकभेट दुसऱ्या रविवारी." हा आवाज माझ्या ओळखीचा. तेवीस वर्षं मी त्याच आवाजात लोकांना 'उद्या या' म्हणत आलोय.

"भेटायला न्हाई," मी म्हणालो. "न्यायला आलो."

दामिनी जिना उतरून आली. निम्मी झाली होती. तिनं माझं सोललेलं कोपर बघितलं, आईचा रापलेला चेहरा बघितला, दारातल्या दोन सायकली बघितल्या.

"अप्पा, बस नव्हती?"

"होती." पुढचे शब्द मी चाकूरपासून घोकत आलो होतो. "दामिनी, ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. यायचं असंल तर आत्ता चल. दिवाळीची वाट बघायची न्हाई."

"आणि डॉक्टर?"

"बघू पुढं."

ती गुलाबी सायकलचं हँडल धरून रडायला लागली. शांतम्मानं तिला रडू दिलं. मग डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "जा, पेटी भर."

माणसं तीन आणि सायकली दोन. दामिनीनं तिची घेतली. मी माझ्या सायकलीकडं वळलो, तर तिच्यावर शांतम्मा बसलेली.

"तुमी सामान घेऊन बसनं या. पोरीला जरा हवा लागू द्या."

तेव्हा मी बसनं आलो. पायाशी पेटी, बाजूला गादीची वळकटी, मांडीवर फिजिक्सची गाईडं. शेजारच्या म्हातारीनं तो पसारा बराच वेळ न्याहाळला.

"या वयात शिकून ऱ्हायलास काय, बाबा?"

"हाव," मी म्हणालो.

"मंग? झालास का पास?"

मी जरा विचार केला. "काठावर."

तिनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

"तोंडावरनं वाटत न्हाई," ती म्हणाली.