हवेतला घोडा

"वहिनी, जपानी म्हणजे खायचं काम नाही!" भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे धाकटे दीर. ते स्वतः जपानीच्या परीक्षेत दोनदा गडगडले होते, म्हणजे या विषयातला अधिकारी माणूस!

"पहिल्या फटक्यात पास होऊन दाखवीन!" वहिनी कडाडल्या. "नाही झाले, तर माझी खोली तुमच्या व्यायामाच्या सायकलला!"

खिडकीकडची ती चिमुकली खोली वहिनींना लग्नानंतर इतक्या वर्षांनी मिळाली होती. एक टेबल, एक दिवा आणि दाराला आतून कडी. त्या कडीवर वहिनींचा फार जीव होता.

पण औषधाच्या दुकानातली नोकरी आणि घर सांभाळून कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, गिरवायची कधी? वहिनींनी तोड काढली. हवेत बोटाने लिहायचं! बसच्या रांगेत, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, आणि नवरा पालथा पडला की त्याच्या पाठीवर.

"जरा डावीकडे," नवरा म्हणायचा. "हां, तिथेच खाजतंय."

दुकानात एक आजोबा मलम घ्यायला आले. वहिनींचं बोट हवेत गोल फिरत होतं. आजोबा मुकाट्याने वळले आणि त्यांनी सदरा वर केला.

"पाठच दुखते, हे कसं ओळखलंत हो?"

आता मलम लावून देण्यावाचून गत्यंतर होतं का? दुसऱ्या दिवशी आजोबा दोन मित्रांना घेऊन आले!

एवढ्यावर भागलं असतं, तर वहिनी सुटल्या असत्या. पण इमारतीची सभा आली. मावळते सचिव, पहिल्या मजल्यावरचे वकील, हात जोडून म्हणाले, "मी थकलो. नवा सचिव कोण होतंय? हात वर करा!"

सगळेजण एकदम आपापल्या चपला निरखू लागले. मागच्या रांगेत वहिनी मात्र हवेत घोड्याची कांजी काढत होत्या. जपानी घोड्याचे पाय सगळ्यात शेवटी येतात. ते यायच्या आतच टाळ्या पडल्या!

"अहो, मी हात कुठे..." वहिनी सांगणार होत्या. तेवढ्यात शेजारी भाऊजी खुदखुदले, "संपला अभ्यास! सायकल मावते का, मोजून घेतो."

वहिनींचं डोकंच फिरलं.

"होते मी सचिव! आणि पासही होते!"

मग काय! गळक्या नळाची तक्रार ऐकता ऐकता त्या नदी लिहीत, पंपवाल्याशी भांडता भांडता आग. पंपवाला बोट पाहून घाबरायचा आणि काम लवकर उरकायचा.

शेवटी घोडामैदान आलं. वहिनींनी पेपर उघडला, उलटला, पालटला.

"लिहायचं कुठे?" त्यांनी पर्यवेक्षकांना विचारलं.

"लिहायचं काहीच नाही, बाई. चारांतलं बरोबर उत्तर शोधायचं आणि गोळा काळा करायचा."

म्हणजे तो घोडा, ती नदी, ती नवऱ्याची सोललेली पाठ, सगळं पाण्यात! वहिनींना रडू फुटायच्या बेतात होतं. पण भाऊजींची सायकल डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी दात-ओठ खात गोळे काळे केले.

घरी येताच त्यांनी भाऊजींना धरलं. "दोनदा बसलात, सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"आणि गोळे काळे करूनसुद्धा नापास झालात?"

भाऊजींना अचानक फोन आला.

निकाल लागला. वहिनी पास! खोली राहिली! फक्त तिच्यात आता पंपाचे सुटे भाग होते, तक्रारदारांच्या खुर्च्या होत्या आणि दाराआड इमारतीची शिडी होती. कडी काही लागत नव्हती.

"पुढची पातळी देणारच!" वहिनींनी जाहीर केलं. "आधी हे सचिवपद जाऊ दे चुलीत!"

नव्या सभेत त्या पहिल्याच रांगेत बसल्या. बोटांचा भरवसा नव्हता, म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. सभा लांबली. अखेर वकील उठले.

"वहिनींनी उत्तम काम केलं. यंदाही त्याच सचिव! कुणाची हरकत असेल तर हात वर करा!"

वहिनींनी जिवाच्या आकांताने उजवा हात ओढला. त्याला इतक्या मुंग्या आल्या होत्या, की तो वर यायच्या आतच टाळ्या पडल्या!