हिरव्या डब्यातले दात

सासरेबुवांनी बाथरूममधला हिरवा डबा उघडला, तर आत दातांऐवजी एक पेन्सिल, एक कीचेन आणि कागदाची सुरळी. जावयाला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. निवृत्त मुख्याध्यापक माणूस. कवळीशिवाय त्यांनी सासूबाईंसमोरही कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी तोंडावर टॉवेल धरला आणि डबा जावयाच्या नाकासमोर नाचवला.

जावयाचं चष्म्याचं दुकान. त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला, पण पडला तो लख्खच. बायकोला नाद होता जिओकॅशिंगचा. म्हणजे एकाने गावात कुठेतरी डबा लपवायचा, शब्दांची कोडी घालायची आणि क्लबातल्या बाकीच्या रिकामटेकड्यांनी (हा शब्द जावयाचा) तो हुडकून आतल्या सुरळीवर सही करायची. सकाळच्या घाईत तिने आपला तसलाच हिरवा डबा समजून वडिलांचाच उचलला, झाकणावर क्लबची चिठ्ठी चिकटवली, नेऊन लपवला आणि ती प्रशिक्षणाला जाऊन बसली. तिथे फोन दारातच काढून घेतात.

"काळजी करू नका बाबा," जावई म्हणाला. "सापडेल. फक्त आपल्या आधी कोणाला सापडला, तर आतली वस्तू तो घेऊन जाऊ शकतो. तसा नियमच आहे त्यांचा."

सासरेबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी त्यांच्या जुन्या शाळेत समारंभ होता आणि प्रमुख पाहुणे तेच. भाषण महिनाभर घासूनपुसून लिहिलेलं, चांगलं जाडजूड. काल जेवताना त्यातलं निम्मं जावयाने ऐकलंही होतं, कारण ताटावरून उठता येईना.

क्लबच्या ग्रुपवर तीन कोडी पडली होती. जावयाने पहिलं वाचलं, "'बातमीचं डोकं गवताच्या डोक्याआधी लावा आणि तिथे या.' गवताला कुठलं आलंय डोकं?"

सासरेबुवांनी हवेत बोटाने 'बा' काढला, मग 'ग'.

"बाग. बाबा, तुम्ही तर भलतेच तयारीचे निघालात."

सासरेबुवांनी भाषण कोटात घातलं, जावयाने पेन्सिल आणि सुरळी खिशात टाकली आणि स्कूटर निघाली. डाव्या खांद्यावर बोट टोचलं की डावीकडे, उजव्या खांद्यावर टोचलं की उजवीकडे, आणि हेल्मेटवर टपली बसली की ब्रेक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या मनातलं जावयाला इतकं स्पष्ट कधीच कळलं नव्हतं.

"'पाय चार पण चालत नाही, पाठ आहे पण झोपत नाही,'" बागेत त्याने दुसरं कोडं वाचलं. "बाक!" आणि छाती फुगवली. पण बागेत जिकडे बघावं तिकडे बाकच बाक. आता सगळी भिस्त तिसऱ्यावर. "'माझा शेजारी दिवसभर रडतो, दुःख मात्र काडीचं नाही.' हे आपल्या लाइनीतलं आहे बाबा. डोळे आलेत त्याचे."

झालं. जावई प्रत्येक बाकावरच्या माणसाचे डोळे तपासत निघाला. एका आजोबांची तर त्याने खालची पापणी ओढून पाहिली.

"पाणी येतं का हो?"

"तुम्ही कोण?"

"चष्मेवाला."

"मग ही काडी बघा की जरा. सैल झालीय."

सवयीने जावयाने खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि बसला काडी आवळत. तोवर आणखी दोघं आपापले चष्मे घेऊन मागे उभे राहिले.

सासरेबुवांना उत्तर केव्हाच कळलं होतं. त्यांनी जावयाला दंडाला धरून उठवलं. मग स्वतः ताठ उभे राहिले, एक हात पुढे काढला, मनगट खाली वाकवलं आणि बोटांतून थेंब पाडू लागले. टप. टप. टप.

"रडू नका ना बाबा," जावई कासावीस झाला. "नाही मिळाले तर नवे करू."

सासरेबुवांनी पाय आपटला आणि आणखी जोरात थेंब पाडले.

"उसण भरलीय त्यांना," आजोबांनी निदान केलं.

"उसण कसली, चक्कर आहे ती. थांबा, पाणी आणते," म्हणत एक बाई बाटली घेऊन कोपऱ्यातल्या नळाकडे धावल्या. नळ गळत होता. शेजारी एक रिकामा बाक होता.

"नळ," जावई हळूच म्हणाला. सासरेबुवांनी आकाशाकडे बघून हात जोडले.

बाकाखाली डबा होता आणि डब्यात दात. सासरेबुवांनी झाडामागे जाऊन ते धुतले, बसवले आणि परत येऊन दिवसातला पहिला शब्द उच्चारला. "मठ्ठ."

"हो बाबा. चला, उशीर होईल."

"थांबा. झाकणावर काय लिहिलंय? 'काही घेतलंत तर तोलामोलाचं काही ठेवा.'"

"अहो, पण दात तुमचेच आहेत."

"डब्यातून घेतले ना? जन्मभर मुलांना नियम शिकवले, आता स्वतः मोडू?"

"मग माझा रुमाल ठेवतो."

"माझे दात आणि तुमचा रुमाल एका तोलाचे?" सासरेबुवांनी सगळे खिसे चाचपले. शेवटी कोटातून भाषण काढलं, त्याच्याकडे मायेने पाहिलं आणि घडी घालून डब्यात कोंबलं. जावयाने सुरळी आणि पेन्सिल आत सरकवली, गुडघ्याने दाबून झाकण लावलं. "पाठ आहे मला सगळं," सासरेबुवा म्हणाले.

स्टेजवर उभं राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. शाळाभर पोरं जांभया दाबून बसलेली. सासरेबुवांनी कोटाचा रिकामा खिसा चाचपला.

"मुलांनो," ते शेवटी म्हणाले, "आज दिवसभर मला बोलता आलं नाही. दुसऱ्याचंच ऐकून घ्यावं लागलं. फार हाल होतात हो. तेव्हा तुम्ही आता खेळायला जा."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या महिन्याचं आमंत्रण तिथल्या तिथे दिलं.

"पाहिलंत जावईबापू?" स्कूटरवर सासरेबुवा हरखून म्हणाले. "नुसत्या सुरुवातीलाच एवढी दाद. पुढच्या वेळी पूर्ण ऐकवतो. आज घरी तालीम करू. वळवा बागेकडे, भाषण घेऊन येऊ."

जावयाला कालचं जेवण आठवलं. पण गाडी वळवावीच लागली.

भाषण डब्यातच होतं. सुरळीवर मात्र तिघांनी सह्या केल्या होत्या.

"घड्या उलगडलेल्या आहेत. म्हणजे वाचलंय तिघांनी," सासरेबुवा म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि कोणीच नेलं नाही?"

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"कसं नेतील बाबा?" तो म्हणाला. "याच्या तोलाचं ठेवायला कोणाकडे काय असणार?"

सासरेबुवांनी भाषणाची पुन्हा घडी घातली आणि ते आत ठेवलं. मग त्यांनी झाकण नीट लावलं आणि डबा होता तिथे सरकवला.

"राहू दे मग इथेच," ते म्हणाले. "लोकांना लाभ होऊ दे."

जावयाने स्कूटरला किक मारली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.