पखवाजावर चाललेलं पातं

पात्याला धार लावावी तर मीच! सेलूत दुसरा कोणी असेल तर दाखवा!

अठ्ठ्याण्णव साली साळ्यानं दुबईहून एक हत्यार आणून दिलं. पकड, कात्री, पेचकस, पातं, सगळं एका मुठीत मिटलेलं. पातं बोथटलं तसं मी ते ओल्या दगडावर, कोन न बदलता, दोन्ही अंगांनी घासलं. कातडी पट्ट्यावर फिरवलं. बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोडलं. हातावर फिरवून पाहिलं, तर केस असे पळाले, जशी न्हाव्याला पाहून पोरं!

“अजी, कांदे झाले, दोरी झाली,” बायको म्हणाली, “आता माह्या पदराकडं काऊन पाहून राह्यले?”

म्हणून देवळात गेलो. कितीतरी वर्षं विनवल्यावर नामांकित कीर्तनकार बुवा त्या संध्याकाळी आमच्याकडे कीर्तनाला उभे राहणार होते. आमचा वादक गोमाजी पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, घुमण्यासाठी लावलेली कणीक काढत बसला होता. ती वाळून दगड झाली होती.

“सरक गोमाजी! एका हातात काढतो.”

“राहू द्या भाऊ, पाणी लावतो, आपसूक निघते.”

“पाणी कायले? धार पाह्य!”

पाहिली त्यानं. फस्स!

“भाऊ, कणीक निघाली,” गोमाजी हळूच म्हणाला. “कातडंबी निघालं!”

“घाबरू नको! वादी कसतो, फट बुजते.” मी पकड उघडली. पातं मिटायचं मात्र विसरलो! कातड्याची वादी ओढली आणि उघड्या पात्यानं ती कच्चकन तुटली. एकाच वादीनं विणलेला पखवाज तो. हातातल्या हातात सैल झाला, अगदी पाहुणे गेल्यावरच्या मांडवासारखा!

तेवढ्यात दारात बुवा! कीर्तन बुडालं तर अख्खं सेलू मला नावं ठेवणार! मी सरळ पाय धरले.

“बुवा, माह्याच हातानं झालं जी!”

बुवांनी पखवाज पाहिला, मला पाहिलं आणि खो खो हसले. “मंग त्याच हातानं टाळी वाजवा. चला, समदेच वाजवा!”

आणि काय सांगू! सारं देऊळ टाळीवर उठलं. बायका, म्हातारे, गोमाजी, सगळे! बुवांचा आवाज त्या टाळ्यांवर असा चढला की माझे डोळे वाहू लागले. माझ्यासारख्या उपद्‌व्याप्याच्या पदरात देवानं असं कीर्तन टाकलं! आजही आठवलं की हात जोडले जातात.

कीर्तन संपलं. गहिवरून मी ते हत्यार बुवांच्या पायाशी ठेवलं. “बुवा, हे तुमाले अर्पण!”

बुवा चटकन मागे सरले आणि गळ्यातली वीणा दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“नको माउली! हिला ताराच चार हायेत!”