सडा उंच की खिंड

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं, मुलांनो. निदान मला तरी तसं आठवतं. ओढा होता, ओढ्याकाठी बीळ होतं आणि बिळात साळिंदर होतं, इथवर माझी खात्री आहे. पण त्या जंगलाच्या एका अंगाला सडा होता आणि दुसऱ्या अंगाला खिंड. त्या दोहोंत उंच कोण, हे मला काही केल्या आठवत नाही. ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनी ते सांगितलं होतं की नाही, इथपासून शंका आहे. तूर्त ते राहू द्या. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ, आणि खिंड म्हणजे खिंड, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

साळिंदराचं नाव नारोपंत. ते शिकलेलं साळिंदर होतं. शिकलेलं म्हणजे काय, तर कोणतीही गोष्ट करण्याआधी ती का करू नये हे त्यांना नीट माहीत असे. त्यांच्या बायकोचं नाव वेणूबाई.

दर उन्हाळ्यात ओढा आटे. मग सगळ्या जनावरांनी खिंड चढून पलीकडच्या तळ्यावर जायचं, असा त्या जंगलाचा रिवाज होता. खिंड उभी आणि अरुंद. पहाटे निघावं आणि ऊन तापायच्या आत वर पोचावं. अंधार पडेपर्यंत जो खिंडीत राहील, त्याची विचारपूस करायला बिबट्या येई.

गेल्या उन्हाळ्यात नारोपंत अर्ध्या वाटेवर एका काळ्या धोंड्याला टेकून बसले होते. ते उठेनात. त्यांच्याशेजारी वेणूबाई बसल्या. त्याही उठेनात. त्या रात्री बिबट्याचं पोट दुसरीकडे भरलं होतं म्हणून ही गोष्ट पुढे आहे.

पावसाळा सरला तशी एके दिवशी कंद सोलता सोलता वेणूबाई म्हणाल्या, "अहो, येत्या उन्हाळ्यातही त्या धोंड्याशी बसलात तर मीही बसणार."

"तू कशाला बसतेस? तू आपली पुढे जा."

"गेल्या खेपेला हेच म्हणालात. मी गेले का?"

नारोपंतांनी सोललेलाच एक कंद पुन्हा सोलायला घेतला.

"मी रागावत नाहीये," वेणूबाई म्हणाल्या. "नुसतं सांगून ठेवते."

नुसत्या सांगून ठेवलेल्या गोष्टीची भीती फार असते, मुलांनो. नारोपंतांनी तिथल्या तिथे ठरवलं, की आजपासून व्यायाम करायचा. कुठे करायचा, एवढंच ठरायचं राहिलं.

आधी घरी करून पाहू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. घरी कोणी बघत नाही. चुकलं तरी हसं होत नाही. त्यांनी ओढ्यातून एक गोल धोंडा ढकलत आणला. तो उचलायचा. बिळाच्या छताला एक वेल टांगली. तिला लोंबकळायचं. मग ते धोंड्यासमोर उभे राहिले आणि विचार करू लागले. आधी पुढचे पाय की मागचे? उपाशीपोटी की खाऊन? श्वास आत घेताना उचलायचा की बाहेर सोडताना? चुकीच्या पद्धतीने केलेला व्यायाम न केलेल्या व्यायामापेक्षा घातक, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्या दिवशी त्यांनी घातक नसलेला प्रकार केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोंडा थोडा हलवला आणि स्वतःला शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशी नुसती शाबासकी दिली. घरी व्यायाम करणाऱ्याचा मास्तर तोच आणि विद्यार्थीही तोच. दोघांचं फार छान जमतं.

पुढच्या आठवड्यात धोंड्यावर वेणूबाईंनी सुरणाच्या चकत्या वाळत घातल्या. वेलीला रानकांद्यांच्या जुड्या लटकल्या.

"तुम्हाला हवा असेल तेव्हा काढून देईन हो धोंडा," त्या म्हणाल्या.

"राहू दे. वाळतायत तर वाळू दे," नारोपंत म्हणाले, आणि त्यांना जरा हायसं वाटलं.

त्याच सुमारास सड्यावर हुप्पेसरांचा वर्ग निघाला.

हुप्पेसर म्हणजे एक वानर. ते सड्याच्या कडेला उंबराच्या फांदीवर बसत आणि तिथून वर्ग घेत. सकाळी एक तुकडी, दुपारी एक, संध्याकाळी एक. सगळं जंगल लोटलं. जो वर्गाला जात नाही त्याचं काही खरं नाही, असं जो तो बोलू लागला. बोलणाऱ्यांत मुसंडीराव रानडुक्कर पुढे होते. ते गावभर सांगत फिरत, की व्यायाम असा चारचौघांत करावा, घरी ती गोडी नाही.

आता सड्याची वाट चढाची. चढूनच दमलो तर वर जाऊन व्यायाम कसा करणार, असा मुद्दा मुसंडीरावांनी काढला आणि तो सगळ्यांना पटला. म्हणून त्यांनी एक गवा ठरवला. व्यायामाला जाणारी मंडळी रोज गव्याच्या पाठीवर बसून वर जात आणि व्यायाम करून थकलेली मंडळी गव्याच्या पाठीवर बसून खाली येत. बदल्यात गव्याला चाटायला मीठ मिळे.

नारोपंतही एका सकाळी गव्यापाशी गेले.

गव्याने त्यांच्याकडे पाहिलं. "काटे घरी ठेवून या, मग बसवतो," तो म्हणाला.

पाठीवरची मंडळी हसली. नारोपंत पायी निघाले.

वर पोचले तेव्हा वर्ग रंगात आला होता. साळिंदराशेजारी कोण उभं राहणार? त्यांना अगदी मागे, एका वारुळाशेजारी जागा मिळाली. तिथून हुप्पेसर दिसत नव्हते. पण ते पहिल्या रांगेखेरीज कोणालाच दिसत नव्हते. पहिली रांग सरांकडे बघे, दुसरी रांग पहिलीकडे, तिसरी दुसरीकडे. मध्येच हुप्पेसरांनी काख खाजवली. पहिल्या रांगेने काख खाजवली. मग दुसरीने, मग तिसरीने.

"हा नवा प्रकार दिसतो," मुसंडीराव शेजारच्या भेकराला म्हणाले. "मला तर आत्ताच इथे ताण जाणवायला लागला."

"छान," वरून हुप्पेसर म्हणाले. "फार छान. मागे कोण आहे ते? वा, छान."

नारोपंतांना बरं वाटलं. घरी वेणूबाई कधी छान म्हणत नसत. ते मान ताठ करून उभे राहिले. तेव्हा कुठे त्यांना फांदीवरचे सर दिसले, आणि लक्षात आलं, की सर वारुळाकडे बघत होते.

खाजवून झाल्यावर फराळ झाला. फराळाला मोहाची फुलं आणि मध. आज एका सशाचा वाढदिवस होता. काल दुसऱ्या सशाचा होता, आणि सशांच्या घरात माणसं किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे. मुसंडीरावांनी दोनदा वाढून घेतलं, कारण त्यांचा घाम गळला होता.

नारोपंतांच्या कपाळावर आठी पडली. ही काय बिनडोक मंडळी, त्यांना वाटलं. याच्यापेक्षा आपलं घर बरं. आत्ता घरी जातो, धोंडा मोकळा करतो आणि एकट्याने, नीट, शास्त्रशुद्ध व्यायाम करतो.

ते तडक खाली उतरले.

घरी आले. बिळात गारवा होता. धोंड्यावर सुरण होता. आपण एकटे काही करणार नाही, हे त्यांना दारातच कळलं. इथे कोण बघतंय? तिथे निदान रांग तरी आहे. रांगेत लाज वाटते, आणि लाजेशिवाय व्यायाम होत नाही. दुपारची तुकडी अजून मिळेल.

ते तडक वर चढले.

दुपारच्या तुकडीत मंडळी उताणी पडून डोळे मिटून घेत होती. याला विश्रांतीचा व्यायाम म्हणत. काहीजण घोरत होते आणि त्यांना सर छान म्हणत होते. नारोपंतांना उताणं पडता येत नव्हतं. काटे. ते थोडा वेळ उभे राहिले, मनातल्या मनात सगळ्यांची कीव केली, आणि खाली उतरले.

असं त्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशीही झालं. मग ते रोजचंच झालं. वर गेले की घर आठवे, घरी आले की वर्ग आठवे. वाटेत गवा भेटे, पाठीवर मंडळी.

"काय नारोपंत, वर की खाली?" मुसंडीराव विचारत.

"विचार चाललाय," नारोपंत न थांबता सांगत.

"विचार करून वजन उतरत नाही हो."

मंडळी पुन्हा हसत. मुसंडीराव प्रत्येक वाक्यानंतर हसण्यासाठी जागा सोडत.

ओढ्याच्या पलीकडे खवलेकाका राहत. ते खवल्या मांजर होते, आणि व्यायाम घरीच करावा या मताचे होते. दार लावून करत. काय करत ते कोणी पाहिलं नव्हतं, पण ते सगळ्यांना सांगत. "तीस वर्षं झाली," ते म्हणत, "एक दिवस चुकला नाही. वर्ग काय करायचाय? तुम्हीही घरीच करा नारोपंत. निश्चय पाहिजे."

निश्चय. नारोपंतांना त्या शब्दाने झोप येईना. मुसंडीरावांचा निश्चय होता, खवलेकाकांचा होता. आपलाच तेवढा होत नव्हता. हिवाळा असा वर-खाली करण्यात गेला.

"झाला का आज व्यायाम?" वेणूबाई संध्याकाळी विचारत.

"कुठला गं," नारोपंत धापा न टाकता, दुःखाने म्हणत. "जाण्यायेण्यातच दिवस गेला."

पळस फुलला, ओढा बारीक झाला, मग नुसता ओला राहिला. नारोपंतांचं खाणं वाढलं होतं, झोप गाढ झाली होती, पण काळजी त्याहून वाढली होती. ऋतूच्या ऋतू गेला आणि आपण एकही दिवस व्यायाम केला नाही. आपण त्या धोंड्याशी बसणार. शेजारी वेणू बसणार. या खेपेला बिबट्या उपाशी असणार.

निघायच्या आदल्या दिवशी सड्यावर समारंभ झाला. हुप्पेसरांनी प्रत्येकाच्या कपाळाला पळसाची पाकळी चिकटवली. पाकळी म्हणजे हे जनावर तंदुरुस्त. खवलेकाकांनी घरच्या घरी स्वतःला एक चिकटवून घेतली. नारोपंतांचं कपाळ मोकळं होतं.

पहाटे मंडळी खिंडीच्या पायथ्याशी जमली. सगळ्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"गवा कुठाय?" मुसंडीरावांनी विचारलं.

गवा खिंडीतून येत नसे. त्याची शिंगं दोन्ही बाजूंना अडकत. तो कळपाबरोबर लांबच्या वाटेने कधीच निघून गेला होता.

मुसंडीराव जोरात सुटले. पहिल्या वळणावर थांबले. "जरा अंग मोकळं करून घेऊ," ते म्हणाले आणि खाली बसले. ते पहिल्या रांगेतले. त्यांना बसलेलं पाहून दुसरी रांग बसली. दुसरीला पाहून तिसरी बसली. हुप्पेसर झाडांवरून उड्या मारत केव्हाच माथ्याला पोचले होते. त्यांनी खाली वळून पाहिलं. सगळा वर्ग ओळीने बसलेला, एकही रांग वाकडी नाही.

"छान," ते म्हणाले.

खवलेकाका त्या वळणाच्याही थोडं अलीकडे होते. त्यांनी अंगाचा गोल चेंडू केला होता. आत तीस वर्षांचा निश्चय होता. "हे माझं नेहमीचं आसन आहे," चेंडूतून आवाज आला. "घरी मी हेच करतो."

नारोपंत मान खाली घालून चढत होते. त्यांचं या कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात फक्त तो काळा धोंडा होता. आता येईल. या वळणानंतर येईल. आला की पाय जातील, मग बसावंच लागेल. निदान वेणूला सावलीच्या बाजूला बसू द्यावं. तिला काय सांगायचं, ते त्यांनी मनात नीट जुळवलं. दोनदा दुरुस्तही केलं.

मग वारा लागला आणि चढ संपला.

"वेणू," ते मागे वळून म्हणाले, "धोंडा अजून कसा आला नाही?"

वेणूबाईंना धाप लागली होती. त्यांनी श्वास घेतला आणि खाली बोट दाखवलं. "तो मघाशीच गेला. मी म्हटलं होतं थांबा जरा, मला टेकायचंय. तुम्हाला ऐकू कुठे येतंय."

समोर तळं होतं. ऊन अजून तापलं नव्हतं.

बाकीची मंडळी अंधार पडता पडता, जिभा बाहेर काढून, एकमेकांना ढकलत वर आली. सगळे आले. बिबट्या त्या दिवशीही दुसरीकडे जेवला, त्यामुळे कोणालाही काहीही शिकावं लागलं नाही. "एकत्र असल्यामुळेच जमलं," मुसंडीराव म्हणाले. मग त्यांनी नारोपंतांना तळ्याकाठी ताजेतवाने बसलेलं पाहिलं.

"तुम्ही कुठल्या तुकडीला होतात हो?"

"कुठल्याच नाही."

"म्हणजे घरी करत होतात. बघा, मी म्हणत होतो," खवलेकाका म्हणाले.

"घरीही नाही." नारोपंत खरं बोलणारे साळिंदर होते. "मी काहीच केलं नाही. मला नुसत्या शंका येत होत्या."

हुप्पेसर वरच्या फांदीवरून ऐकत होते.

पुढच्या हिवाळ्यात सड्यावर नवा वर्ग सुरू झाला. गव्याच्या पाठीवर बसून आधीपेक्षा जास्त मंडळी आली आणि रांगेत उभी राहिली. "शंका घ्या," हुप्पेसर म्हणाले. "धरून ठेवा. आता मागे वळा. पुन्हा शंका घ्या. छान." कपाळाला आठी पाडण्यात मुसंडीराव सर्वांत पुढे होते. आणि खवलेकाका दार लावून घेऊन सगळ्यांना सांगत, की शंका घ्यायला वर्ग कशाला हवा, आम्ही तीस वर्षं घरीच घेतो.

नारोपंत त्या वर्गालाही पायी जाऊन, तो पाहून, परत आले.

आता सुरुवातीची गोष्ट. सडा उंच की खिंड, हे मला आठवत नव्हतं. कितीतरी वर्षांनी एकदा एक घार भेटली. ती दोन्हींच्या वरून उडते, म्हणून तिला विचारलं. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि सांगितलं: सडा उंच, खिंडीहून चांगलाच उंच. नारोपंतांना हे कोणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते विचारात पडले असते.

तात्पर्य: व्यायाम घरी करावा की वर्गात, याचा निर्णय, मुलांनो, कधीही घेऊ नये. फक्त वर्ग घरापासून लांब असावा, आणि आपल्याला पाठीवर घ्यायला कोणी तयार होणार नाही इतपत काटे अंगावर ठेवावेत.