ब्रिगेडियरचा कोट

क्लिफर्ड ॲक्रॉइडची सगळी हयात हॉर्थवेटच्या गिरणीत, लोकर विंचरणाऱ्या यंत्रावर गेली होती. मेंढी कुठल्या डोंगरावर चरली होती, हे तो म्हणे लोकर चिमटीत धरून सांगायचा. (खात्री करायला मेंढीकडे कुणी गेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) त्यामुळे बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी स्कारबरोला निघालेली त्याची बायको नॉर्मा दारात थांबून म्हणाली, "क्लिफ, ब्रिगेडियरला रोज विंचरायचं हं," तेव्हा ते त्याच्या वर्मी लागलं.

"मला शिकवतेस? निम्म्या यॉर्कशायरची लोकर या हातांखालून गेलीय!"

"लोकर चावत नाही. हा चावतो," नॉर्मा म्हणाली. "आणि मी परस्पर जत्रेच्या मैदानावरच येईन. तिथल्या कुत्र्यांच्या स्पर्धेत, लांब केसांच्या वर्गात त्याचं नाव घातलंय. दरवर्षी बक्षीस पळवणाऱ्या त्या शेजारच्या सग्डनबाईचं नाक यंदा खाली झालंच पाहिजे."

ब्रिगेडियर हा यॉर्कशायर टेरिअर. वजनानं कोबीच्या गड्ड्याएवढा, आवाजानं अख्ख्या पलटणीएवढा, आणि केस (कुत्रेवाल्यांच्या भाषेत ‘कोट’) असे की चालला की मागे जमीन झाडून निघे.

पहिल्या दिवशी क्लिफर्डनं फणी हातात घेतली. ब्रिगेडियर गुरगुरला. क्लिफर्डनं फणी खाली ठेवली आणि एक छोटासा निर्णय घेतला : रोजरोज कशाला? जत्रेच्या आधी एकदाच, पण कसं, गिरणीच्या शिस्तीत विंचरू. लोकर काय कुणी रोज विंचरतं?

दोघांचे दिवस मजेत गेले. माळावर फिरणं, ओल्या झुडपांत घुसणं, सोफ्यावर लोळणं. हळूहळू ब्रिगेडियरच्या कानामागे गाठी आल्या, मग काखेत, मग पोटाखाली. शेजारच्या सग्डनबाई कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "ॲक्रॉइड, त्याच्या काखेत लिंबं ठेवलीत की काय?"

"थंडीची सोय आहे ती!"

"जून महिन्यात?"

"आम्ही आधीपासून तयारी करतो!" म्हणून क्लिफर्ड ताठ मानेनं घरात गेला आणि त्याच तिरीमिरीत त्यानं टबात कोमट पाणी सोडलं. फणी लावायच्या आधी अंघोळ. साबण लावला, खसाखसा चोळलं, टॉवेलनं रगडरगड रगडलं आणि खिडकीतल्या उन्हात वाळत घातलं.

वाळलेल्या ब्रिगेडियरवर बोटं फिरवताना ती जागीच अडकली. लोकर, कोमट पाणी, साबण आणि चोळणं : यातून नमदा होतो. हॅटचा, चपलेच्या तळव्याचा, जाड, घट्ट, पुन्हा कधीच न सुटणारा नमदा. गिरणीत नवा आलेला पोऱ्याही पहिल्या आठवड्यात हे शिकतो. आणि जन्मभर लोकरीत मुरलेल्या क्लिफर्ड ॲक्रॉइडनं ते आपल्या स्वयंपाकघरात, जिवंत कुत्र्यावर करून दाखवलं होतं.

"हरकत नाही," तो ब्रिगेडियरला म्हणाला. "माणसानं केलेलं माणसाला उलगडता येतं."

त्यानं गाठींत मक्याचं पीठ चोळलं. गाठी पांढऱ्या झाल्या. मग ऑलिव्ह तेल ओतलं. आता ब्रिगेडियरला नुसतं कढईत सोडायचं बाकी होतं. शेवटी त्यानं शिवणाची कात्री काढली, काखेतली गाठ उचलली, आणि गाठीबरोबर कातडीही वर आली. हे त्याला दिसलं नाही. ब्रिगेडियर किंचाळला.

टोक फक्त टेकलं होतं. रक्ताचा एक ठिपका, बस्स. पण ब्रिगेडियर कपाटाखाली गेला तो बाहेर येईना. सॉसेज दाखवलं तरी येईना. क्लिफर्ड जमिनीवर पालथा पडून म्हणाला, "या साहेब. कात्री टाकली मी. हे बघा." आतून दोन डोळे नुसते बघत होते. गाठींनी कातडी ओढून लाल झालेली आता त्याला दिसली. म्हणजे इतके दिवस पावलापावलाला दुखत असणार, आणि तरी हा शेपटी हलवत बरोबर माळावर येत होता. क्लिफर्डनं सॉसेज कपाटाखाली सरकवलं आणि तिथंच जमिनीवर रात्र काढली. (पाठीला बरं असतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.)

सकाळी तो त्याला कोटाच्या आत लपवून, सग्डनबाईंच्या खिडकीखालून वाकून, कुत्र्यांचे केस कापणाऱ्या रोवेनाकडे घेऊन गेला.

"वाटेल तितका वेळ घ्या, पण या गाठी सोडवा," क्लिफर्ड म्हणाला. "उद्या जत्रा आहे."

"बसते की सोडवत," रोवेना म्हणाली. "पण हौस तुमची आणि दुखणार त्याला."

क्लिफर्डनं काखेतली लाल कातडी पाहिली. मग म्हणाला, "काढा सगळं."

मशीन फिरलं आणि सगळा थर एखाद्या पायपुसण्यासारखा अखंड निघाला. क्लिफर्डनं सवयीनं त्याची कड चिमटीत धरून पारखली. "माल मात्र एक नंबर आहे," तो पुटपुटला. टेबलावर उरला होता तो कान मोठे झालेला एक गुलाबी उंदीर. पण त्या उंदरानं अंग झटकलं, गिरकी घेतली आणि क्लिफर्डचं नाक चाटलं. त्या क्षणी क्लिफर्डनं ठरवलं : माघार नाही. नाव घातलंय ना? मग जायचं.

दुसऱ्या दिवशी लांब केसांच्या वर्गात रेशमी पडद्यांसारखे कुत्रे ओळीनं उभे होते आणि त्यांच्या मधोमध क्लिफर्ड, छाती काढून, हा उघडाबंब ब्रिगेडियर घेऊन.

परीक्षकबाई थबकल्या. "हे काय आहे?"

"यॉर्कशायर टेरिअर."

"याचा कोट कुठाय?"

"उकडतंय म्हणून घरी ठेवलाय."

मैदान खदखदलं. "काढा त्याला बाहेर!" सग्डनबाई ओरडल्या. "कुत्रा आहे की सोललेला बटाटा?"

तेवढ्यात दोरीपलीकडे बॅग धाडकन पडली. नॉर्मा आली होती. तिनं ब्रिगेडियरकडे पाहिलं, मग क्लिफर्डकडे असं पाहिलं की त्याला कपाटाखाली जावंसं वाटलं. मग ती दोरी ओलांडून आत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"तुझ्याशी घरी बोलते," ती दातांतून म्हणाली. आणि मोठ्यांदा : "ॲक्रॉइडांचा कुत्रा आहे हा! केस असोत नसोत, इथनं हलणार नाही!"

ब्रिगेडियर पलटणीच्या आवाजात भुंकला. परीक्षकबाईंनी बाद ठरवलं, तरी तिघं हलले नाहीत. शेवटी वर्ग त्यांच्याभोवतीच उरकावा लागला. बक्षीस सग्डनबाईंनीच नेलं. विजयी वीरासारखं क्लिफर्डनं टोपी काढून सगळ्यांना अभिवादन केलं. त्याच्या तुळतुळीत गुलाबी डोक्यावर ऊन चमकलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान एवढे मोठाले, आणि परीक्षकबाईंच्या चेहऱ्यावर एकदम प्रकाश पडला. मालक आणि कुत्रा यांच्यातल्या साम्यासाठी जत्रेत ठेवलेला चषक नाव न घालताच, एकमतानं, त्यांना मिळाला.

गावच्या साप्ताहिकानं दोघांचा फोटो पहिल्या पानावर छापला. खालची नावं मात्र चुकून उलटी पडली होती. एकाही वाचकाची तक्रार आली नाही.