सिंहमहाराजांना भाग जातो

मुलांनो, एका जंगलात प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात एकेक आकडा बांधलेला असे. सिंहमहाराजांचा आकडा सगळ्यांत मोठा. दहा हजार एक.

एकदा महाराजांच्या कानावर आलं, की काही आकड्यांना 'मूळ संख्या' म्हणतात. एक आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही.

"म्हणजे हे इथले मूळचे!" महाराज गरजले. "बाकीचे सगळे उपरे. घालवा त्यांना नदीपलीकडे!"

प्रधान होता तरस. तो खिदळत भागाकार करत सुटला. सशाच्या गळ्यात पंधरा. तिनाने भाग गेला, ससा पलीकडे गेला.

ठकूबाई साळिंदर मात्र निर्धास्त होती. तिचा आकडा एक्याण्णव. दिसायला अगदी सोवळा.

"तेरा साती एक्याण्णव," तरस म्हणाला. "निघा."

"अहो, याच बिळात माझी पिल्लं झाली!"

"भाग गेल्यावर बिळाचं काय घेऊन बसलात, ठकूबाई?"

पिल्लं घेऊन ठकूबाई पलीकडे गेली. तिथे नुसता चिखल. तिला असा काही संताप आला, की ती तिथेच बसून महाराजांच्या आकड्याला भाग द्यायला लागली. दोनाने जाईना, तिनाने जाईना. घशाला कोरड पडली. त्र्याहत्तरला मात्र ती किंचाळली आणि तशीच चिखलाच्या पायांनी दरबारात शिरली.

"प्रधानजी, एकशे सदतीस गुणिले त्र्याहत्तर करा बघू!"

तरसाने वाळूत गुणाकार केला. त्याचं हसू मावळलं.

"दहा हजार एक," तो पुटपुटला.

महाराजांनी हळूच नखं बाहेर काढली.

ठकूबाईला पिल्लं आठवली. "महाराजांचं काहीच चुकलेलं नाही!" ती घाईघाईने म्हणाली. "चूक त्या त्र्याहत्तरची. त्यालाच रद्द करावं."

"आणि एकशे सदतीस?"

"जोडीदार गेल्यावर तो एकटा काय करणार, महाराज?"

"रद्द!" महाराज खूश झाले.

"जाता जाता तेराही रद्द करा. नाहीतरी त्याने तीनतेराच वाजतात."

तेरा रद्द झाला. ठकूबाई मूळची झाली आणि बिळात परतली.

दुसऱ्या दिवशी दरबारापुढे ही रांग! सशाने तीन रद्द करून घेतला. अस्वलाने पाच. दोनाला तर इतके शत्रू निघाले, की त्याच्यासाठी मारामारी झाली. संध्याकाळपर्यंत सगळं जंगल मूळचं झालं, आणि आकडा उरला फक्त एक.

त्या आनंदात महाराजांनी हरणांच्या कळपात जेवण केलं.

"किती खाल्लीत, महाराज?" कळपाच्या म्होरक्याने भीत भीत विचारलं.

"एक," महाराजांनी ढेकर दिली.

"पण काल आम्ही पुष्कळ होतो."

"पुष्कळ म्हणजे किती?" तरसाने विचारलं.

म्होरक्याने मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एक," तो म्हणाला.

तात्पर्य : मुलांनो, गणिताचा अभ्यास मनापासून करावा. म्हणजे ते कुणापुढे विसरायचं, हे वेळेवर आठवतं.